स्वभावाचे प्रकार व मनाच्या पायऱ्या



गेल्या चातुर्मासात आपल्या मंदिरात दासबोधाचे वाचन चालू होते. पाचव्या दशकातील बद्धलक्षणाचा समास ज्या दिवशी संपला, त्या दिवशी प्रसाद वाटून झाल्यावरही एक बाई सभामंडपात बसूनच राहिल्या. मंडळी पांगल्यावर त्या तीर्थरूप बाबांस म्हणाल्या, "महाराज, आमची मुलगी नागपूरला शिकते. तिच्या मैत्रिणींनी तिला मोबाईलवरची एक परीक्षा द्यायला लावली. तीत तिचा स्वभाव चौथ्या प्रकारचा निघाला आणि मनाची पायरी निघाली सातवी. सातवी म्हणजे खालून तिसरी म्हणतात. तेव्हापासून पोर नीट जेवत नाही. तिचे काही चुकले की मुली 'सातवी, सातवी' म्हणून हसतात. आता आपल्या पोथीतही पायऱ्या आहेतच. मग ते खरेच समजायचे का?"

बाबांनी त्या वेळी एवढेच सांगितले की, मुलीला चार दिवस घरी आणा आणि ती रात्री झोपते की नाही ते पाहा. मूळ प्रश्न त्यांनी माझ्याकडे दिला. माझे शिक्षण उच्च माध्यमिक शाळेपलीकडे गेलेले नाही, तरी पोथ्या घरच्याच आहेत आणि विचारण्यास बाबाही घरीच आहेत, ह्या बळावर हा अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहे. मुलीची व तिच्या आईची संमती घेऊनच हे लिहिले आहे.

प्रथम ती परीक्षा काय आहे ते पाहू. मनुष्यस्वभावाचे नऊ प्रकार कल्पून ते वर्तुळावरील नऊ बिंदूंनी दाखविण्याची एक पद्धत आहे. दक्षिण अमेरिकेतील ऑस्कर इचाझो व क्लॉदिओ नारांहो ह्या दोघांनी तीस आजचे रूप दिले. पुढे १९७७ च्या सुमारास डॉन रिचर्ड रिसो ह्या अमेरिकन लेखकाने तीत आणखी एक भर घातली. प्रत्येक प्रकारात नऊ पायऱ्या असतात, वरच्या तीन निरोगी, मधल्या तीन सामान्य व खालच्या तीन रोगट, असे त्याने मांडले. नऊ नवे एक्याऐंशी घरे झाली. ह्या घरांपैकी एकात आमची ही मुलगी जाऊन बसली होती. रिसोच्याच मताप्रमाणे माणूस एका पायरीवर खिळलेला नसून वरखाली होत असतो. पण मोबाईलवर निकाल आला की हा भाग कोण वाचतो?

सर्वच स्वभावशास्त्रांत अशा पायऱ्या आहेत असे मात्र नाही. स्वित्झर्लंडचे मानसवैद्य कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख व बहिर्मुख असे भेद सांगितले. त्यांत एक वरचा व दुसरा खालचा असा भाव नव्हता. त्यावरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स ह्या मायलेकींनी सोळा प्रकारांची जी प्रश्नावली रचली, तीतही पायऱ्या नाहीत. सोळा हा आकडा वाचून वैद्यकाच्या अभ्यासकांस चरकसंहितेची आठवण होईल. शारीरस्थानात चरकाने मनाचे सोळाच प्रकार सांगितले आहेत: सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस. हा अर्थात केवळ योगायोग. पण चरकाचे नाव आलेच आहे, तर येथे थोडे थांबणे बरे, कारण आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्यांच्याच ग्रंथात सापडले.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात रोग्याची परीक्षा दहा अंगांनी करावी असे सांगितले आहे. त्यांत प्रकृती हे एक अंग आहे आणि सत्त्व, म्हणजे मनाचे बळ, हे निराळे अंग आहे. प्रकृती वाताची, पित्ताची, कफाची किंवा मिश्र असते. सत्त्वाच्या मात्र प्रवर, मध्यम व अवर अशा तीन प्रती आहेत. अवर सत्त्वाचा माणूस देहाने धिप्पाड असला तरी थोडीही वेदना सोसू शकत नाही. भयंकर गोष्ट ऐकून किंवा रक्तमांस पाहून त्यास भोवळ येते. प्रवर सत्त्वाचा माणूस देहाने लहान असूनही मोठ्या पीडेत शांत दिसतो. मध्यम सत्त्वाचा माणूस दुसऱ्यांकडे पाहून, दुसऱ्यांनी धीर दिल्यावर, आपले दुःख सोसतो. हा मध्यम माणूस मला फार ओळखीचा वाटतो. आजारपणात उशाशी कोणी बसलेले असावे असे ज्यांस वाटते, ते आपण बहुतेक सर्व त्याच प्रतीचे.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चरकाने ही दोन अंगे एकत्र कालविली नाहीत. वातप्रकृतीचा माणूस प्रवर सत्त्वाचा असू शकतो आणि कफप्रकृतीचा अवर सत्त्वाचा. प्रकार विचारणे हा एक प्रश्न झाला व बळ विचारणे हा दुसरा. शिवाय ही प्रतवारी करावयाची कोणी आणि कशासाठी, हेही तेथे स्पष्ट आहे. ती वैद्याने करावयाची, रोग्यास किती तीव्र औषध सोसेल हे ठरविण्यासाठी. अवर सत्त्वाच्या रोग्यास तीव्र उपाय झेपत नाही, म्हणून त्यास सौम्य उपचार व अधिक धीर द्यावयाचा. प्रत खालची लागली की वागणूक अधिक मृदू व्हावयाची. मैत्रिणींनी नेमके ह्याच्या उलट केले.

आपल्या परंपरेत हा भेद सर्वांनी सर्वकाळ पाळला, असे म्हणणे खरे होणार नाही. वर सांगितलेल्या चरकाच्या सोळा प्रकारांतच सात्त्विक, राजस, तामस अशी उतरंड शिरलेली आहे. वाग्भटाने तर अष्टांगहृदयाच्या आरंभीच वात, पित्त व कफ ह्या प्रकृतींस अनुक्रमे हीन, मध्यम व उत्तम म्हटले आणि समधातू प्रकृतीस सर्वश्रेष्ठ ठरविले. तेथे देहाच्या आरोग्याचा विचार आहे, हे खरे. तथापि प्रकारालाच पायरी समजण्याची वाट तेथून फार दूर नाही.

आणि ती वाट आपल्या घराच्या ओटीपर्यंत आलेली आहे. पत्रिका जुळविताना सत्तावीस नक्षत्रे नऊ-नऊ अशी वाटून देव, मनुष्य व राक्षस असे तीन गण मानतात; छत्तीस गुणांपैकी सहा गुण गणाचे. कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा किंवा शततारका ह्यांपैकी एखाद्या नक्षत्रावर मुलगी जन्मली की तिचा गण राक्षस. 'राक्षस' हे तेथे एका वर्गाचे नाव आहे. पण पाहुणे मंडळी ते नाव ऐकतात आणि मुलीच्या स्वभावाचा निकाल लावून मोकळी होतात. मी पुरोहिताचा मुलगा असून हे लिहीत आहे, ह्याचे कोणास नवल वाटेल. परंतु पत्रिका आमच्याच पाटावर मांडली जाते, आणि ती ऐकून उठून जाणारी माणसे व आत स्वयंपाकघरात बसलेल्या मुलीचा चेहरा, ही दोन्ही आम्हांस दिसतात. माझी एक मावशी मूळ नक्षत्राची. दोन ठिकाणी तिला ह्याच कारणाने नकार आला. पुढे जेथे ती पडली, तेथे सासूच्या दीर्घ आजारपणात नऊ वर्षे अंथरुणाची सेवा तिनेच केली. सासूबाईंचा गण देव होता, असे मावशी हसून सांगते.

हे झाले प्रकाराविषयी. आता पायरीकडे वळू, कारण त्या बाईंचा खरा प्रश्न पायरीचाच होता.

दासबोधात श्रीसमर्थांनी दोन्ही गोष्टी केल्या आहेत, आणि निरनिराळ्या ठिकाणी केल्या आहेत. दुसऱ्या दशकात रजोगुण, तमोगुण व सत्त्वगुण ह्यांची लक्षणे आहेत. हे झाले स्वभावाचे वर्णन. पाचव्या दशकाच्या अखेरीस सातव्या समासापासून दहाव्यापर्यंत बद्ध, मुमुक्षु, साधक व सिद्ध हे चौघे क्रमाने येतात. ही झाली पायरी. येथे वाचकांनी एक गोष्ट पोथी उघडून स्वतः पडताळून पाहावी. बद्ध पुरुष आपल्या प्रपंचात गुंग आहे. त्यास आपले काही चुकते आहे असे वाटतच नाही, आणि म्हणून तो एका अर्थी सुखी आहे. मुमुक्षु मात्र पस्तावलेला आहे. आपले दोष त्यास डोळ्यांपुढे दिसतात, तो स्वतःच्या तोंडाने ते सांगतो, त्याची झोप उडालेली आहे. तरीही श्रीसमर्थांनी त्याला बद्धाच्या वर बसविले आहे!

मोबाईलवरच्या परीक्षेत ह्या दोघांनी उत्तरे भरली तर काय होईल? 'मला वारंवार अपराधी वाटते काय', 'मी इतरांपेक्षा कमी आहे असे वाटते काय', अशा प्रश्नांस बद्ध पुरुष स्वच्छ 'नाही' म्हणेल आणि वरच्या पायरीवर जाऊन बसेल. मुमुक्षु प्रामाणिकपणे 'होय' म्हणेल आणि खालच्या पायरीवर ढकलला जाईल. मन दुखणे आणि मन खालच्या प्रतीचे असणे ह्या दोन गोष्टी एक नाहीत, हे माझ्या ध्यानात येथे प्रथम आले. देहूच्या तुकोबांचे उदाहरण सर्वांस माहीत आहे. इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. त्यानंतरच्या त्यांच्या कित्येक अभंगांत तळमळ आहे, स्वतःवरचा राग आहे, एकाकीपणा आहे. ते अभंग वाचून तुकोबांस सातव्या पायरीवर बसविणारा मनुष्य कसा म्हणावा, हे वाचकांनीच ठरवावे.

ह्याबरोबरच हेही सांगितले पाहिजे की, बद्ध ते सिद्ध ह्या ज्ञानाच्या पायऱ्या आहेत. सिद्धाचे मुख्य लक्षण निःसंदेहता हे आहे. त्या मनाच्या आरोग्याच्या पायऱ्या म्हणून श्रीसमर्थांनी रचलेल्या नाहीत. तेव्हा 'आपल्या पोथीतही पायऱ्या आहेत, म्हणून ती परीक्षा खरी' हे अनुमान चुकीचे ठरते, आणि 'आमच्या पूर्वजांस हे सर्व आधीच ठाऊक होते' असे म्हणून आपण छाती फुगविणेही तितकेच चुकीचे.

मी स्वतः ह्या बाबतीत निर्दोष नाही. दहावीत असता दासबोधाच्या ह्या समासांचे मला वेड लागले होते. शाळेच्या वहीच्या मागील पानांवर मी चार रकाने आखले आणि आमच्या आळीतील एकूण एक माणसास त्यांत बसविले. किराणा दुकानदार बद्ध, शाळेतील एक शिक्षक बद्ध, काका बद्ध, रोज काकडआरतीस येणाऱ्या एक आजी मुमुक्षु. साधकाच्या रकान्यात बाबा एकटेच होते. पुढे ती वही बाबांच्या हाती लागली. रागावतील असे वाटले होते. त्यांनी सर्व नावे सावकाश वाचली, आपलेही वाचले, आणि विचारले, "तुझे नाव ह्यात दिसत नाही. कोणत्या पानावर आहे?" त्यानंतर पुष्कळ दिवस मी त्यांच्यासमोर पोथी उघडली नाही. दुसऱ्या दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची जी लक्षणे आहेत, ती मी त्या सुमारास पहिल्यांदा नीट वाचली.

पायरीविषयी आणखी एक अडचण आहे, ती काळाची. गीतेच्या चौदाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, तिन्ही गुण प्रत्येकात असतात आणि कधी एक इतर दोघांस दाबून वर येतो, तर कधी दुसरा. आम्हां पांढुर्णेकरांस ह्यासाठी टीका वाचण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. दरसाल शेकडो लोक जखमी होतात. ह्या गोटमारीत प्राणही गेले आहेत. त्या दिवशी दुपारी कोणी परीक्षक पुलावर उभा राहून आमच्या मनाची पायरी ठरवू लागला, तर नऊच्या खाली दहावी खोदावी लागेल. आणि तीच माणसे एरवी एकमेकांच्या लग्नांत पंगती वाढतात, संत्र्याची गाडी चिखलात रुतली तर एकमेकांच्या गाडीस खांदा देतात. त्यांची खरी पायरी कोणती? गोटमारीचे समर्थन मी करीत नाही. ती थांबावी असेच माझे मत आहे. एका दुपारीवरून माणूस मोजता येत नाही, एवढेच मला येथे दाखवावयाचे आहे.

आता आजच्या शास्त्राकडून एक आक्षेप येतो, तो टाळणे बरे नव्हे. संशोधक मानसशास्त्रज्ञांत सध्या नऊ प्रकारांपेक्षा पाच मोजमापांची पद्धत अधिक मान्य आहे. तीत माणसे डब्यांत घालीत नाहीत. उंची मोजावी तसे प्रत्येक गुणाचे कमीअधिक प्रमाण मोजतात. ह्या पाचांपैकी एक मोजमाप म्हणजे मन लवकर अस्वस्थ होण्याचा कल. म्हणजे ज्यास आपण पायरी म्हणत होतो, ते काही अंशी स्वभावातच आले! चरकानेही वातप्रकृतीचा माणूस चटकन भिणारा, चटकन लोभावणारा व चटकन विटणारा असतो असे म्हटलेच आहे. मग प्रकार व पायरी वेगळी असे जे आपण वर म्हटले, त्याचे काय?

ह्यावर बाबांशी माझे दोन संध्याकाळी बोलणे झाले. मला पटले ते असे. काही माणसे जन्मतःच हळव्या मनाची असतात. अशा माणसाने परीक्षेच्या दिवशी धीर धरून पेपर लिहिला, तर त्यास जितके चढावे लागले तितके निबर मनाच्या माणसास चढावे लागत नाही. बाहेरून पाहणारास दोघेही एकाच पायरीवर दिसतात. पण एकजण खालून चढून आला आहे आणि दुसरा तेथेच जन्मला आहे. माणूस आज कोठे उभा आहे एवढेच परीक्षेस दिसते; तो कोठून निघाला हे तीस दिसत नाही. ते घरच्यांस ठाऊक असते, आणि पुष्कळदा त्या माणसाच्या स्वतःशिवाय कोणासच ठाऊक नसते. म्हणून पायऱ्या मानण्यास माझी हरकत नाही. मात्र माणसाने कालच्या स्वतःशी आजचा स्वतः ताडून पाहावा, एवढ्यापुरताच त्यांचा उपयोग आहे. दोन माणसांस शेजारी उभे करून त्या मोजू लागलो, की हिशेब चुकतो.

गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त आहेत: आर्त, जिज्ञासु, अर्थार्थी व ज्ञानी. भगवंतांनी ज्ञानी भक्तास सर्वांत जवळचा मानले आहे. पण त्याच ठिकाणी चौघांसही उदार म्हटले आहे, आणि आर्ताचे, म्हणजे पीडेने हाक मारणाऱ्याचे, नाव यादीत सर्वांत आधी आहे.

ह्या आर्तांस पाहावयाचे तर सौंसर तालुक्यातील जामसावळीस जावे. तेथे पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंतापुढे मनोव्याधीने त्रासलेल्या माणसांस दूरदुरून घेऊन येतात. मीही कित्येकदा गेलो आहे. तेथे कोणी घुमत असतो, कोणी रडत असतो, कोणी भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो, आणि शेजारी त्याची आई किंवा बायको डबा घेऊन बसलेली असते. तेथे कोणी कोणास पायरी विचारीत नाही, ही त्या स्थानाची मोठी थोरवी मला वाटते. परंतु आजार हा आजार आहे. दर्शन घ्यावे, आणि डॉक्टरकडेही जावे. एकासाठी दुसरे सोडण्याचे कारण नाही. नागपूरला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरबसल्या बोलावयाचे असल्यास केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे २०१७ च्या कायद्याने मान्य केले आहे. ज्याला औषधाची गरज आहे त्यास 'तुझी पायरी खालची' म्हणणे म्हणजे ताप आलेल्यास थर्मामीटर दाखवून हिणविण्यासारखे आहे.

ती मुलगी चार दिवसांसाठी म्हणून आली आणि पंधरा दिवस राहिली. झोप तिला खरोखरच येत नव्हती. परीक्षेच्या पूर्वीपासूनच येत नव्हती, असे हळूहळू कळले. आता ती नागपुरात एका डॉक्टर बाईंकडे जाते व कॉलेजही चालू आहे. स्वभाव चौथ्या प्रकारचा असल्याचे तिला अजून पटते, आणि त्याबद्दल तिची तक्रार नाही. "ते वर्णन माझ्यासारखेच होते," ती म्हणाली, "त्याखालचा आकडा तेवढा नको होता."

येत्या कार्तिकी एकादशीस सायंकाळी आरतीनंतर पाचव्या दशकाचा आठवा समास, मुमुक्षुलक्षण, पुन्हा वाचावयाचा आहे. ज्यांच्याकडे दासबोधाची प्रत आहे त्यांनी ती बरोबर आणावी. मंदिरात सहाच प्रती आहेत. वाचन ती मुलगीच करणार आहे.